दांडी मालकाच्या खिशात

पंपाला तोंड नसतं. दोन भोकं असतात. एकातून तेल आत येतं, दुसऱ्यातून जोरात बाहेर जातं. तेव्हा मी नेमका कुठून बोलतोय हे विचारू नका. ज्यांना तोंड होतं त्यांच्यातलं कुणी पुढे आलं नाही, म्हणून मी बोलतोय.

मी स्टिअरिंगचा पंप. जड गाडीचं चाक हलक्या हाताने फिरतं ना, ते माझ्या जोरावर. तेल दाबून पाठवायचं आणि वळवण्याचा खरा भार आपण उचलायचा, हा माझा धंदा. चालवणाऱ्याला मात्र वाटत असतं की आपल्याच मनगटात ताकद आहे. वाटू दे. माणसाच्या अशा समजुती मोडायच्या नसतात, मोडल्या की तो लाथा घालतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हाला गरम तेल पाजून फिरवून बघायचे आणि जो आवाज करील त्याला बाजूला फेकायचे. मी गप्प राहिलो आणि पास झालो. मग एका ट्रकमध्ये नोकरी लागली. ड्रायव्हर फटकळ होता. चाक जरा कुरकुरलं की माझ्या आईचा उद्धार करायचा. पण तेल वेळेवर बदलायचा, हेही सांगायला हवं. पुढे ट्रक मोडीत निघाला आणि मी भंगाराच्या ढिगात जाऊन पडलो. छातीवर एक फुटका रेडिएटर होता आणि शेजारी कुणाची तरी शिलाई मशीन. दोघांनाही बोलायची हौस नव्हती.

तिथे ती आली. मेकॅनिक होती, तिशीला टेकलेली, नखांत ग्रीस भरलेलं. तिने रेडिएटर ढकलला, मला उचललं, माझा दांडा दोन बोटांनी फिरवला आणि कान जवळ आणला.

"हा जिवंत आहे," ती म्हणाली.

"मग आधी सांगायचंत ना बाई," भंगारवाला म्हणाला, "रोज जेवायला तरी वाढलं असतं त्याला."

ती हसली. मला इतक्या जवळून हसणारं माणूस त्याआधी भेटलं नव्हतं. फडक्यात गुंडाळून तिने मला बोटीवर नेलं.

बोट दोन इंजिनांची, बंदराच्या या काठावरून त्या काठावर माणसं ने-आण करणारी. दोन भाऊ ती चालवायचे. थोरला वर चाकावर, धाकटा खाली इंजिनरूममध्ये. जुन्या पद्धतीची बोट ती. वर फक्त चाक, गिअर सगळे खाली. वरचा माणूस खालच्याशी एका पितळी नळीतून बोलायचा. नळीचं खालचं तोंड माझ्या डोक्यावरच होतं, त्यामुळे वरचं सगळं मला ऐकू यायचं.

बोट धाकट्याच्या नावावर होती. थोरल्याने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून वडिलांनी जाता जाता बोट आणि घर दोन्ही धाकट्याला देऊन टाकलं. ज्या बायकोसाठी हे सगळं घडलं, तीही पुढे वारली. थोरला आपल्या मुलीला घेऊन धाकट्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचा, त्याच्याच बोटीवर राबायचा. ती मुलगी म्हणजे मला उचलून आणणारी मेकॅनिक.

बोटीचं दुखणं असं होतं. सुकाणू हलकं करणारा पंप होता, पण एकच, आणि तो डाव्या इंजिनच्या पट्ट्यावर चालायचा. डावं इंजिन थांबलं की तोही थांबायचा. मग चाक दगडासारखं जड. त्यात एकटं उजवं इंजिन ढकलत राहिलं की बोटीचं नाक सारखं डावीकडे जायचं, म्हणजे चाक उजवीकडे धरून ठेवायला दुप्पट जोर. आणि धाकटा डिझेल वाचवायला गर्दी नसली की डावं इंजिन मुद्दाम बंद करायचा. वर थोरला घामाघूम व्हायचा. त्याचा उजवा खांदा त्यातच कामातून गेला. रात्री मुलगी तेल चोळायची तेव्हा तो दातांत पंचा धरायचा.

म्हणून तिने मला उजव्या इंजिनवर बसवायचं ठरवलं. डावं इंजिन बंद पडलं तर मी आहेच.

काय निगुतीने बसवलं तिने मला! आधी माझ्यासाठी लोखंडी बैठक वेल्डिंग करून घेतली. माझी पुली आणि इंजिनची पुली एका रेषेत आहे का, ते दोरा ताणून बघितलं. पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, सैल वाटला, पुन्हा ताणला. मग तेल भरून नळ्यांतली हवा काढायला बसली. टाकीवर वाकून ती नळीत ओरडायची, "बाबा, डावीकडे पूर्ण!" वरून चाक फिरायचं, टाकीत बुडबुडे यायचे. "आता उजवीकडे!" पुन्हा बुडबुडे. बुडबुडे संपेपर्यंत तिने बापाला सोडलं नाही. शेवटी डावं इंजिन बंद केलं, माझं तेल सुकाणूकडे वळवणारा कॉक फिरवला आणि म्हणाली, "आता फिरवा बघू."

मग नळीतून थोरल्याचा आवाज आला. "करंगळीने फिरतंय गं. खरंच, करंगळीने!" आणि तो हसायला लागला. त्या दिवशी मला वाटलं, भंगारातून उठून आपण योग्य घरी आलो.

कॉकचं तेवढं सांगायचं राहिलं. तिला एकतर्फी झडपा घालायच्या होत्या, म्हणजे जो पंप चालू असेल त्याचं तेल आपोआप सुकाणूला गेलं असतं, कुणाला काही करावंच लागलं नसतं. पण धाकटा म्हणाला, "आपोआप कशाला? पंप उगाच झिजेल. हाताने फिरवायचा कॉक बसव."

"मग तो वर बसवते, चाकाशेजारी."

"वर नळ्या नेणार? एखादी फुटली तर लोकांच्या कपड्यांवर तेल. खाली बसव. मी असतोच की खाली."

बोट त्याची. तिने कॉक खाली बसवला, त्याच्या स्टुलाच्या हाताशी. दुसऱ्या दिवशी धाकट्याने काय करावं? कॉकची दांडी उपसून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "कुणीतरी चुकून फिरवेल," म्हणाला. दांडीशिवाय कॉक फिरत नाही. मी इंजिनबरोबर फिरत राहायचो, टाकीतून तेल घ्यायचं आणि टाकीतच परत सोडायचं. असं निरर्थक फिरण्याइतका अपमान पंपाच्या नशिबी दुसरा नाही.

पण खरा अपमान वरच्याचा होता. पहिल्यांदा डावं इंजिन बंद झालं आणि थोरला नळीतून म्हणाला, "अरे, दांडी लाव."

"कोण बोलतंय?" धाकट्याने विचारलं.

"कोण म्हणजे? मी."

"आणि कुणाशी बोलतोयस?"

धाकटा खिसा थोपटत बसला. "मालकाशी बोलतोयस. तसं बोल, मग लावतो."

थोरल्याने ती अख्खी फेरी जड चाकावर काढली. दुसरी फेरीही काढली. तिसऱ्या फेरीला वारं सुटलं आणि नळीतून आवाज आला, "मालक, दांडी लावा." इतका बारीक आवाज, की मला वाटलं दुसरंच कुणी आहे.

धाकट्याचा चेहरा तेव्हा मी बघितला. हसू नव्हतं त्यावर. तहानलेल्याने पाणी प्यावं तसा तो दिसत होता.

याचं मूळही मला पुढे कळलं, आणि तेही थोरल्याच्याच तोंडून. लहानपणी तो धाकट्याला धक्क्याच्या पायऱ्यांवरून पाण्यात दाबून धरायचा आणि "दादा, चुकलो" म्हटल्याशिवाय वर येऊ द्यायचा नाही. काय चुकलं ते कधीच सांगायचा नाही. हा किस्सा तो चहा पिताना लोकांना रंगवून सांगायचा. "असे डोळे व्हायचे याचे!" म्हणून दोन्ही हातांनी दाखवायचा. लोक हसायचे. धाकटाही हसायचा, सगळ्यांत शेवटी थांबायचा.

मुलीने एक जुना पाना घासून गुपचूप दुसरी दांडी तयार केली. धाकट्याला ती सापडली. त्याने ती पाण्यात भिरकावली आणि पुढचे दोन दिवस खिशातली दांडी बाहेरच काढली नाही. "लावा ना मालक," थोरला म्हणत राहिला. "तुझ्या पोरीला सांग लावायला," हा म्हणत राहिला. त्या दोन दिवसांत उरलासुरला खांदाही गेला. मग थोरल्यानेच मुलीला दटावलं.

"तू मध्ये पडू नकोस. दोन शब्द म्हटले म्हणून काय झिजतो का मी?"

"तुम्हाला राग नाही येत बाबा?"

"राग परवडायला स्वतःचं घर लागतं," तो म्हणाला.

हळूहळू सवय झाली. माणसाला कसलीही होते. "मालक" त्याच्या तोंडी इतकं बसलं की तो दांडी नको असतानाही तसंच बोलायला लागला. तेव्हा धाकट्याची गोडी गेली. मग तो एकदा म्हटल्यावर ऐकेनासा झाला. "नीट म्हण." "मोठ्याने म्हण." "नुसतं मालक काय? कुणाचा मालक?" रोज एक पायरी वाढायची.

ज्या दिवसाचं सांगायला मी बसलोय, तो दिवस लख्ख उन्हाचा, वेळ दुपारची. बोट भरलेली. समोरचा धक्का जवळ आला होता आणि दोर टाकायला मुलगी पुढच्या टोकाला, एक पाय कठड्याबाहेर टाकून उभी होती. दोर टाकणारा गडी आला नव्हता, म्हणून ती. तेवढ्यात डाव्या इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. या वेळी कुणी केलं नव्हतं. डिझेलच्या फिल्टरमध्ये कचरा अडकला होता. उजवं ढकलतच होतं. नाक डावीकडे, धक्क्याच्या दगडी भिंतीकडे जायला लागलं.

"मालक, दांडी लावा!" नळीतून आवाज आला. लगेच आला. थोरल्याने एक क्षणही आपला मान आड येऊ दिला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

धाकट्याला खाली काही दिसत नव्हतं. त्याला वाटलं, रोजचंच. तो स्टुलावर मागे रेलला. "ऐकू नाही आलं."

"मालक, दांडी! भिंत आहे पुढे!"

"भिंत रोजच असते. कुणाचा मालक?"

"माझा! माझा मालक आहात! लावा हो!"

"अजून एकदा."

"अरे, पोरगी पुढे उभी आहे रे!"

मालकाला "अरे" म्हटलेलं धाकट्याला खपलं नाही. कपाळाला आठ्या घालून तो नळीकडे बघत राहिला. हाताशी गिअर होता. तो नुसता मधे, न्यूट्रलला आणला असता तरी बोट रेंगाळली असती. तो बघत राहिला. मग वर बायका किंचाळल्या, तेव्हा त्याचा हात खिशात गेला. दांडी लागली. कॉक फिरला.

मी आयुष्यात इतका जोर कधी लावला नव्हता. तेल धावलं, सुकाणू वळलं, नाक उजवीकडे यायला लागलं. येत होतं. अजून थोडा अवकाश हवा होता. पण बोट भिंतीला घासत गेली, आणि कठडा आणि भिंत यांच्यामध्ये तिचा डावा पाय होता.

पुढचं मला दिसलं नाही. ऐकू मात्र सगळं आलं. नळी कुणी बंद केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ खाली आले. चौकशीला बंदराचे साहेब यायच्या आत. धाकटा हळू आवाजात बोलत होता. "झालं ते झालं. मी आत गेलो तर बोट गेली, घर गेलं. तुम्ही दोघं कुठे जाल? खोल्या तुझ्याच राहतील. पोरीच्या दवाखान्याचं मी बघतो. पंप भंगारातला होता, एवढंच म्हणायचंय."

थोरला माझ्याकडे बघत होता. करंगळीने चाक फिरवून हसलेला हाच माणूस. मला वाटलं, आता हा धाकट्याचा गळा धरील. त्याने विचारलं, "दवाखान्याचं सगळं बघशील?"

साहेब आले, नाकाला रुमाल लावून खाली उतरले. "दांडी मागितली होती का?"

"मागितली, साहेब," थोरला म्हणाला.

"यांनी लावली?"

"लगेच लावली. पंपच चालला नाही."

साहेबांनी माझ्या डोक्यावर पेनाने टकटक केलं. तेवढीच माझी तपासणी. उघडून बघितलं असतं तर दहा मिनिटांत सगळं समोर आलं असतं, पण तेलात हात घालायचे कोणी? माणसांना खापर फोडायला डोकं लागतं, आणि जे उलटून बोलत नाही ते सगळ्यात सोयीचं.

मला काढून पोत्यात घातलं आणि त्या दोन खोल्यांमधल्या पलंगाखाली ढकललं. काही आठवड्यांनी त्याच पलंगावर ती आली. गुडघ्याखाली पाय नव्हता.

आणि तिथे सुरू झालं ते सगळ्यांत वाईट. ती पडल्या पडल्या मला पुन्हा पुन्हा बसवायची. "दोरा ताणून बघितला होता. पट्टा दाबला होता. हवा काढली होती. नळीचं नट पक्कं आवळलं होतं ना मी? आवळलं होतं. की राहिलं?" रात्र रात्र हेच. आपल्याच हातांनी आपला पाय कापला, असं तिला पटत चाललं होतं. मी खाली पोत्यात. एक विटेएवढं लोखंड, पण त्या रात्री मला ते अंग नको झालं.

थोरला शेजारी बसून तिचं ऐकायचा. मूग गिळून ऐकायचा. एकदाच बोलला, आणि बोलला नसता तर बरं. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "माणसाकडून चूक होते पोरी. मी तुला कधी त्याबद्दल बोललो का?"

ती रडली आणि म्हणाली, "नाही बाबा."

तो माफ करून मोकळा झाला!

आता बोटीवर नवा पंप आहे, कोरा, साहेबांच्या हुकमाने बसवलेला, आणि एकतर्फी झडपाही आहेत. आपोआप चालतं सगळं. दांडीचं कामच उरलं नाही. तरी थोरला नळीतून "मालक" म्हणतो, असं दोर टाकणारा गडी परवा दारात येऊन हसत सांगत होता. कुणी म्हणायला लावत नाही, तरी म्हणतो.

काल ती कुबडी घेऊन उठली. पलंगाखालून मला ओढलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मला उघडलं. थोरला दाढी करत होता. आरशातून त्याचं लक्ष आमच्याकडे गेलं आणि त्याचा हात थांबला.

तिने माझा एकेक भाग पुसून बघितला. आत ओरखडा नव्हता. तेल स्वच्छ होतं. दांडा दोन बोटांनी फिरवला, कान जवळ आणला. पहिल्या दिवशी आणला होता तसाच. मी फिरलो. आवाज न करता, कारखान्यात शिकवलं होतं तसा. मला सांगायचं होतं ते माझ्याकडून एवढंच सांगता येत होतं.

तिने मला वर्तमानपत्रावर खाली ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "शेवटच्या क्षणी नाक उजवीकडे यायला लागलं होतं. मला आठवतंय. पायाखाली जाणवलं होतं."

"भास झाला असेल तुला."

"त्या दिवशी दांडी लगेच लागली होती ना?"

थोरला गालावरचा फेस पुसत जवळ आला. पुसायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला. "लागली होती."

"मग हाच खराब असणार."

"हाच," तो म्हणाला.

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. ती वाट बघत होती. एक शब्द पुरला असता. मग तिने टेबलावरचं ब्लेड उचललं. लपवलं नाही, घाई केली नाही. त्याच्या डोळ्यांदेखत तेल अडवणारं माझं रबरी सील बाहेर काढलं आणि त्यावर ब्लेड फिरवलं. फाटलेलं सील तिने त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे बघा बाबा. इथे फाटलंय."

थोरल्याने ते उजेडात धरलं. उलटंसुलटं करून बघितलं.

"तरी मला वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि दाढी पुरी करायला वळला.

तिने मला पुन्हा जोडलं नाही. सगळे सुटे भाग पत्र्याच्या डब्यात टाकले आणि डबा दाराबाहेर ठेवला. सकाळी भंगारवाला नेईल. आता मी खरंच निकामी आहे, त्यामुळे माझ्याबद्दल कुणी खोटं बोललं असं आता म्हणता येणार नाही. जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी निकामी ठरवलेलं काही पडून असेल, तर ते जरूर उघडून बघा. फक्त त्या वेळी घरचं माणूस समोर उभं नाही, एवढी खात्री करून घ्या.